फक्कीच्या रेषेवरचे तात्याबा

तात्याबा मेटकरींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या कँटीनच्या टेबलावर हनुवटी टेकवून बसले होते. पुढ्यात चहाचा ग्लास, त्याच्या शेजारी मिठाची डबी. डावा डोळा मिटलेला, उजवा टेबलाच्या कडेला लागलेला. मी समोर जाऊन उभा राहिलो तर नमस्कार नाही, रामराम नाही. म्हणाले, "डबी बोटभर फुडं हाय."

मी वाकून पाहिलं. खरंच बोटभर पुढे होती. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी तेव्हा मेंटेनन्सला होतो आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते. त्यातली पाच मिनिटं मिठाच्या डबीवर गेल्याने माझं डोकं जरा फिरलंच होतं. पण त्यांना घेऊन आलेला संभा आमच्या लोडिंग खात्यातला, कामाला वाघ, त्याच्या शब्दाखातर मी बसलो. तात्या त्याचे चुलते.

"सायेब," तात्या ताठ बसत म्हणाले, "संभा म्हणतो तुमी मशिनीला डोळं बसवता. मला एक डोळा पायजे."

गोष्ट अशी होती. सांगोला तालुक्यातल्या त्यांच्या गावी वर्षातून एकदा बैलगाडी शर्यतीचं मैदान भरतं. माळावर शेजारी शेजारी दोन पट्ट्या, मधे गुडघाभर मातीचा बांध. एका वेळी दोन छकडे सुटतात. शेवटाला पांढऱ्या फक्कीची रेषा. ज्या जोडीचं तोंड रेषेवर आधी येईल ती जिंकली, एवढा साधा नियम. त्या रेषेच्या टोकाला, एका लाकडी ओंडक्यावर हनुवटी टेकवून, तीस वर्षं तात्या बसत आले होते. उजव्या हातात लाल झेंडा, डाव्या हातात पांढरा. लाल उठला की अलीकडची पट्टी जिंकली, पांढरा उठला की पलीकडची. तीस वर्षांत त्यांच्या निकालावर कुणी ब्र काढलेला नव्हता.

"मग आता डोळा कशाला?" मी विचारलं.

त्यांनी संभाला आणखी एक चहा आणायला पिटाळलं आणि तो लांब गेल्यावर सांगितलं. डावा डोळा केव्हाच गेला होता. उजवा चालला होता. काचबिंदू. सोलापूरच्या डॉक्टरांना त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला होता, "मैदानापतोर टिकंल का?" डॉक्टरांनी नुसती थेंबांची चिठ्ठी लिहून दिली होती. ही गोष्ट गावात त्यांच्या नातीखेरीज, राणीखेरीज, कुणाला ठाऊक नव्हती.

"अहो, मग दुसऱ्या कुणाला तरी झेंडा द्या की."

"कुणाला दिऊ? ज्येला दीन त्येच्या भावकीतलं कोणतरी पळणार. माज्या घरात बैलच न्हाईत सायेब, मेंढरं हायती. म्हणून तर मला बशिवलंय तितं."

मी हसलो. ते हसले नाहीत. "एक निकाल चुकला, तर म्या दुसऱ्या दिवशी गावात कसा हिंडू?" एवढं बोलून त्यांनी टोपी सारखी केली आणि पुन्हा मिठाच्या डबीकडे पाहत बसले. हा माणूस चहाला किंवा गप्पा मारायला आलेला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांची अख्खी अब्रू त्या एका रेषेवर होती, आणि ती रेषा त्यांना दिसेनाशी होत होती.

मी तयार झालो. खरं सांगायचं तर त्यात दया कमी आणि मिजास जास्त होती. आमच्या घराण्यात सगळे कारकून आणि मास्तर. यंत्राला हात लावणारा मी पहिलाच. पट्ट्यावरून टॉवेलचा गठ्ठा गेला की दिवा लागतो, आकडा पुढे सरकतो, असली कामं मी डोळे झाकून करायचो. गठ्ठ्याच्या जागी बैल, त्यात काय एवढं!

काय एवढं ते पुढच्या तीन रविवारी कळलं. मी एसटीने जायचो, तात्या फाट्यावर उभे असायचे. मग माळावर बसून कुठला सेन्सर लावायचा याची आमची चर्चा चालायची. मी बॅगेतून एकेक वस्तू काढायचो आणि हा जेमतेम चौथी शिकलेला माणूस ती मोडीत काढायचा.

रबराची नळी जमिनीवर आडवी टाकायची, वरून काही गेलं की दाब कळतो. तात्यांनी ती नुसती हातात धरली आणि परत दिली. "बैल हिला साप समजंल. थबकला तर मागचा माणूस छकड्यातून फुडं येऊन पडंल." जमिनीत तारेचं वेटोळं पुरायचं, वरून लोखंड गेलं की त्याला कळतं. "लोकंड मागं चाकाला हाय, निकाल फुडं तोंडाला हाय," तात्या म्हणाले. मी वेटोळं गुंडाळून बॅगेत टाकलं. मग बैलाच्या गळ्यात बांधायची चिप काढली. तात्या पहिल्यांदा खळखळून हसले. "आमचा महादू बैलाच्या गळ्यातला कंडा बी दुसऱ्याला बांधू देत न्हाय, तुमची चीप कुटली बांधू देतोय! आन दुसरा कोनतरी ती शिंगाला फुडं बांधंल, मग त्येचं तोंड यायच्या आदी चीपच यील."

"मग कॅमेरा?"

"श्येजारच्या गावानं केला. त्येचं चित्र मग मानसंच बघत्यात आन मानसंच भांडत्यात. दोन तास मैदान थांबलं. मला भांडाण नगं, दिवा पायजे."

महादूचं नाव त्यांच्या बोलण्यात असं सारखं यायचं. दोघांची घरं पाठीला पाठ लावून. एकाच्या चंचीतली तंबाखू दुसरा न विचारता काढायचा. महादूकडे एकाच गाईची दोन खिलार खोंडं होती, पाखऱ्या आणि चांद्या, आणि ती यंदा शेवटची पळणार होती. पंच असल्यामुळे मैदानाच्या आधीचा महिनाभर तात्या महादूच्या गोठ्यात पाऊल टाकायचे नाहीत. चंची बांधावरून फेकायची, तिकडून झेलायची. हा त्यांचा नेमच होता.

शेवटी उजेडाचा किरण ठरला. रेषेच्या एका टोकाला किरण सोडणारा खांब, दुसऱ्या टोकाला तो झेलणारा. मधे काही आलं की किरण तुटतो आणि दिवा लागतो. प्रत्येक पट्टीला वेगळी जोडी. जिचा दिवा आधी लागेल ती जिंकली, दुसरा दिवा मग लागतच नाही. तात्यांनी त्याची परीक्षा घेतली. ओंजळीने माती उधळली. किरण दणकट होता, धुळीला बधला नाही. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मधून फेकली. दिवा लागला.

"टोपी जित्ली," तात्या म्हणाले.

मला ते फार लागलं. पुढच्या रविवारी मी एकाऐवजी दोन किरण घेऊन गेलो, वीतभर अंतराने एकावर एक. दोन्ही एकाच वेळी तुटले तरच दिवा लागेल अशी जोडणी केली. टोपी, चाबूक, पाखरू, काहीही एकाला आडवं जाईल, दोघांना नाही. बैलाचं तोंड मात्र वीतभराहून मोठं, ते दोन्ही तोडणारच. तात्यांनी पुन्हा टोपी फेकली, दिवा लागला नाही. माझी छाती फुगली. किरण किती उंचीवर लावायचे ते तात्यांनी दिलं. त्यांनी चार गोठ्यांत हिंडून सुतळीने बैलांच्या तोंडाची उंची मोजून आणली होती, प्रत्येक मापाला एक गाठ.

मग एका बैलाला वेसण धरून रेषेवरून चालवत नेलं. तोंड आलं, दिवा लागला. परत नेलं, परत लागला. मी पेचकस खिशात घातला. चारची एसटी मिळाली असती.

"सायेब," तात्या म्हणाले, "येक डाव पळवून बघू की."

"काय गरज आहे तात्या? यंत्राला चालणं काय आणि पळणं काय, दोन्ही सारखंच. सेकंदाचा हजारावा भागसुद्धा कळतो त्याला."

त्यांनी मापाची सुतळी गुंडाळून खिशात ठेवली. मग म्हणाले, "तुमाला म्हाईत." आणि मला फाट्यापर्यंत सोडायला आले.

मैदानाच्या दिवशी माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी लाल रंगवलेल्या खांबांजवळ, तात्या नेहमीप्रमाणे ओंडक्यावर हनुवटी टेकवून. दिवे त्यांच्यासमोर हातभर अंतरावर ठेवले होते, एवढ्या जवळचं त्यांना दिसायचं. सकाळपासून गाड्या सुटत होत्या, दिवे लागत होते, झेंडे उठत होते. सगळं सुरळीत चाललं होतं. महादूची जोडी पहिल्या फेऱ्या इतक्या फरकाने जिंकली की वादाला जागाच नव्हती.

फायनलला महादू अलीकडच्या पट्टीवर, पलीकडे शेजारच्या गावची जोडी. दोन्ही छकडे जवळजवळ बरोबर आले. आणि मी एक गोष्ट पाहिली, ती आजही डोळ्यासमोरून हलत नाही. तात्यांचा उजवा हात, लाल झेंड्याचा, उचलला जात होता. कोपरापर्यंत वर आला होता. तेवढ्यात पलीकडचा दिवा लागला. हात तिथेच थांबला. तात्यांनी लाल झेंडा खाली घेतला आणि पांढरा वर केला.

गलका झाला. त्यातून वाट काढत महादू आला. बारीक अंगाचा, कपाळभर गुलाल. ओरडला नाही. तात्यांच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"तात्या, तू बघितलंस का?"

"मशीननं बघितलं, महादू."

"म्या तुला इचारतोय."

तात्या लाल झेंडा गुंडाळत राहिले. महादूने वाट पाहिली. मग उठला, म्हणाला, "तीस वरसं तुज्या डोळ्यावर बैल पळीवलं. तू म्हणला असतास तर चार हात मागं हुतो हे बी मानलं असतं." आणि बैलांकडे निघून गेला.

त्या दिवसानंतर बांधावरून चंची फेकली गेली नाही. तात्यांनी दोनदा हाक मारली, आतून ओ आली नाही. भांडण नाही, शिवीगाळ नाही. पन्नास वर्षांचं बोलणं नुसतं बंद पडलं. पावसाळा संपता संपता महादू गेला. रानात वैरण कापताना बसला तो उठलाच नाही. तात्या मातीला गेले, पण पुढे झाले नाहीत, लांब बाभळीखाली उभे राहिले. दहाव्याला महादूची बायको पारूबाई त्यांना एवढंच म्हणाली, "भावजी, ह्ये शेवटपतोर येकच म्हणायचं. तात्यानं न बघता निकाल दिला."

पंधरा दिवसांनी गेटवरून मला फोन आला की कुणी म्हातारे भेटायला आलेत. तात्या होते, राणीच्या खांद्यावर हात ठेवून. मी त्यांना कँटीनमध्ये नेऊन बसवलं. उजवा डोळाही आता जवळपास गेला होता. त्यांनी गावातल्या पोरांकडून फायनलचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मिळवला होता. स्वतःला दिसत नव्हतं म्हणून राणीला तो थांबवत थांबवत बघायला लावला होता आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "तोंड कुटं हाय?"

"सायबास्नी सांग," ते तिला म्हणाले.

"आलीकडची, महादूआबांची जोडी मान खाली घालून पळतीया," राणी म्हणाली. "तोंड लाल खांबाच्या फुडं गेलंय, तरी दिवा लागला न्हाय. दुसऱ्या जोडीचं तोंड अजून मागंच हाय. आन मग तिचा दिवा लागलाय."

मी मोबाइल हातात घेतला. एकदा पाहिलं आणि मागे नेऊन पुन्हा पाहिलं. पाखऱ्या आणि चांद्या जमिनीला नाक लावल्यासारखे पळत होते. त्यांची नाकं खालचा किरण तोडून पुढे गेली होती, पण वरचा किरण त्यांच्या डोक्यावरून शाबूत जात होता. तो तुटला खांदे आल्यावर, हातभर उशिरा. दोन्ही तुटल्याशिवाय दिवा लागायचा नाही, अशी जोडणी कुणी केली होती? मी. माळावरचा तो रविवार मला लख्ख आठवला. वेसण धरून चालवलेला बैल मान वरच ठेवतो, ओढच वर असते. एकदा, फक्त एकदा, पळवून पाहिलं असतं तर दिवा उशिरा लागतोय हे कुणालाही कळलं असतं. आणि पळवून बघू असं म्हणणारा माणूस माझ्यासमोर बसला होता.

"माप माजं चुकलं, सायेब," तात्या म्हणाले. "म्या गोठ्यात जाऊन हुब्या बैलाचं माप आणलं. महादूच्या गोठ्यात तर ग्येलोच न्हाय. त्येची जोडी मान घालून पळती हे आख्ख्या गावाला म्हाईत. आन माजा हात उटला हुता, सायेब. मला दिसलं हुतं. धुरकाट दिसलं, पर दिसलं हुतं. म्या म्हणलं, ह्या फुटक्या डोळ्यापरीस मशीन बरं."

बोलायची वेळ ती होती. जोडणी माझी होती, घाई माझी होती, असं सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. "होतं असं कधी कधी, तात्या," असं काहीतरी पुटपुटलो. राणी माझ्याकडे पाहत होती, म्हणून मी ग्लासाकडे पाहत बसलो.

पुढच्या मैदानाला मी यंत्र सुधारून नेलं. खालपासून वरपर्यंत किरणांची शिडीच लावली, कुठलेही शेजारचे दोन तुटले की दिवा. आदल्या दिवशी दहा वेळा बैल पळवून पाहिले, मान वर ठेवणारे, मान खाली घालणारे. तात्या राणीचा हात धरून आले आणि पहिली गाडी सुटायच्या आधी त्यांनी माइक मागून घेतला. त्यांना माइकची सवय नव्हती. तोंड माइकपासून लांब, आवाज मोठा.

"गेल्या साली फायनलचा निकाल म्या चुकीचा दिला," ते म्हणाले. "पयला नंबर महादूच्या जोडीचा हुता. चूक मशीनची न्हाय. चूक सायबाची न्हाय. माप माजं चुकलं. महादू असता तर त्येच्या पाया पडलो असतो."

मी खांबाजवळ पेचकस घेऊन उभा होतो. माइक माझ्यापासून दहा पावलांवर होता. ती दहा पावलं मी चाललो नाही. मग टाळ्या वाजल्या. शेजारच्या गावचा गडी न सांगता घरून गेल्या सालच्या फायनलची ढाल घेऊन आला आणि तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती बायकांत बसलेल्या पारूबाईंकडे नेली. पारूबाईंनी ढालीला हात लावला नाही. म्हणाल्या, "आता कुणाला दावू?" आणि पदर तोंडाशी घेऊन घराकडे निघून गेल्या. तात्यांनी दोन्ही झेंडे फक्कीच्या रेषेवर ठेवले, हाताने चाचपून रेषा सापडल्यावर. नंतर ते मैदानात कधीच आले नाहीत.

मी त्यांना शेवटचं भेटलो ते उन्हाळ्यात. अंगणात बाजेवर होते, मेंढरं केव्हाच विकून टाकलेली. पूर्ण अंधार झाला होता त्यांना, पण माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखलं. "या सायेब. मिशीन कसं हाय?" ठीक आहे म्हणालो. वाटेत एसटीत सगळं मनात जुळवून आलो होतो, या वेळी सांगायचंच असं.

"तात्या, त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, एक डाव पळवून बघू..."

"व्हय, म्हणलो हुतो," ते लगेच म्हणाले. "ते तुमी नगा काडू आता."

"पण तुम्ही सगळ्यांसमोर..."

"मला झेंडा ठिवायचाच हुता, सायेब. तुमची चूक म्हणलो असतो तर लोकांनी मिशीन उपटून टाकलं असतं. मग फुडल्या साली रेषेवर कोण बसलं असतं? मला तर दिसत न्हाय." आणि मग हात पुढे करून हवेत चाचपत म्हणाले, "तंबाकू हाय का? महादू ग्येल्यापास्नं चंची सापडत न्हाय मला."

माझ्याकडे तंबाखू नव्हती. मी खात नाही. त्यांचा हात तसाच रिकामा राहिला आणि मी तो हातात घेऊन बसलो. त्यांना सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून. कँटीनमध्ये मी चहा मागवत होतो तेव्हासुद्धा.

त्यांच्या जाण्याचं राणीने फोनवर सांगितलं. मी मातीला पोचेपर्यंत उशीर झाला होता.

यंत्र अजून चालतं. दरवर्षी मला बोलावणं येतं, बऱ्याच गावांतून येतं आता, आणि लोक म्हणतात की या सेन्सरचा निकाल कधी चुकत नाही. दरवर्षी मी ठरवून जातो की माइक घ्यायचा आणि सांगायचं, त्या वर्षीचा निकाल तात्यांनी चुकवला नाही, मी चुकवला. त्यांचा हात बरोबर उठला होता. पारूबाई अजून आहेत, एवढं ऐकायचा त्यांना हक्क आहे. पण मैदान सुरू व्हायच्या आधी कमिटीची माणसं येतात, नारळ हातात देतात, फेटा बांधायला लागतात. माइक तिथेच समोर असतो.

यंदाही मी फेटा बांधून घेतला.